रास अल खैमाची मॅच

माझी मुलगी कॉलेजच्या टीममध्ये गोलकीपर होती. दोन वर्षं ती खेळत होती आणि त्या दोन वर्षांत मी तिची एकही मॅच पाहिली नव्हती. मॅच शनिवारी असायची आणि शनिवारी मला काहीतरी असायचंच. साइटवर कन्सल्टंट येणार असायचा, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची असायची, यातलं काही नसलं तर आठवड्याची राहिलेली झोप असायची. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. इंजिनियरिंगच्या पोरीने गुडघे फोडून घरी यावं हे मला आवडत नव्हतं. तोंडाने कधी नाही म्हटलं नाही, फक्त गेलो नाही. बायको जमेल तेव्हा एकटी टॅक्सीने जायची आणि आल्यावर मला स्कोअर सांगायची. मी "अरे वा" म्हणायचो.

तिच्या तिसऱ्या वर्षात, जानेवारीत, माझे वडील कोल्हापूरहून आमच्याकडे दुबईला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात एकटे किती दिवस बसणार, म्हणून मी त्यांना तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. आबांची सगळी नोकरी एका इंजिनाच्या कारखान्यात टर्नर म्हणून झाली, पण कोल्हापुरात त्यांना कारखान्यामुळे कुणी ओळखत नव्हतं. ते आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमचे गोलकीपर होते. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत खेळले. पुढची चाळीस वर्षं त्यांनी मैदानाच्या गॅलरीत उभं राहून ओरडण्यात काढली. आमच्या गावात फुटबॉल बघायला अख्ख्या पेठा लोटतात. त्या गर्दीतही आबांचा आवाज वेगळा ओळखू यायचा. मैदानातला खेळाडू त्या आवाजाकडे मान वळवायचा, हे मी लहानपणी पाहिलंय. आणि हेही आठवतं, की आठवी-नववीत गेल्यावर मी त्यांच्यापासून चार पायऱ्या लांब बसायला लागलो. माझ्या वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलाने एकदा विचारलं होतं, "तो ओरडतोय तो तुझा बाप ना?"

आबा अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात हॉलमधलं टीपॉय बाल्कनीत गेलं. मुलगी गालिच्यावर गुडघे वाकवून उभी राहायची आणि आबा सोफ्यावर बसून मोज्यांचा गोळा करून तिच्याकडे फेकायचे. कधी डावीकडे, कधी डोक्यावरून. मोज्याचा गोळा संपला की टेनिसचा बॉल. "पडायचं कसं ते आधी शीक. हातावर पडू नगंस, कुशीवर पड," असं त्यांचं चाललेलं असायचं. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी एका जुन्या मॅचमध्ये मोडून वाकडी बसली होती. ती करंगळी ते तिला मेडल दाखवावं तशी दाखवायचे. ती आमच्याशी निम्मं इंग्लिशमध्ये बोलते, पण आबांशी बोलताना मराठी शब्द शोधून शोधून बोलायची. 'तुम्ही' तिला कधी नीट जमलंच नाही, ती आबांना 'तू' म्हणायची आणि आबांना ते फार आवडायचं.

फेब्रुवारीत एका शनिवारी रास अल खैमाच्या कॉलेजबरोबर त्यांची मॅच होती. जेवताना तिने विचारलं, "आबा, यू कमिंग?" माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. आबा म्हणाले, "येणार की! न्हाई कसा?" आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी मी चालवणार होतो.

ती सकाळीच टीमच्या बसने गेली. आम्ही तिघं बारा वाजता निघालो. बायकोने थर्मास, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आबांच्या गोळ्या असं सगळं पिशवीत भरून घेतलं होतं. आबा पुढच्या सीटवर बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर स्वेटर आणि डोक्याला तालमीची जुनी टोपी. मी म्हटलं, "आबा, उन्हात स्वेटर कशाला?" ते म्हणाले, "गाडीत गारवा असतोय."

तीनशे अकरा नंबरच्या हायवेला लागलो आणि शारजा ओलांडेपर्यंत ट्रॅफिक होता. आबा प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचत होते. उम्म अल कुवैनच्या पुढे रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना वाळू, कुंपणापलीकडे उंट. आबा खुशीत आले आणि सांगायला लागले, "आमची एक म्याच झालती सांगलीत. ट्रकनं गेलतो आम्ही. वाटंत ट्रक बंद पडला, आन् म्याचची येळ झाली..." इतक्यात माझा फोन वाजला. सप्लायरचा होता. पोर्टवर एक कंटेनर अडकला होता आणि रविवारी साइटवर माल लागणार होता. मी म्हटलं, "आबा, एक मिनिट हं." ते एक मिनिट पुढे पस्तीस मिनिटं चाललं. गाडीच्या स्पीकरवर हिंदी, इंग्लिश आणि मधून मधून "खलास, खलास, इन्शाल्ला" असं चालू राहिलं. आबा खिडकीबाहेर बघत बसले. फोन संपला तेव्हा समोर डोंगर दिसायला लागले होते आणि सिमेंटच्या कारखान्यांचा धुरकट पट्टा. ट्रक बंद पडल्यावर ते सांगलीला पोचले की नाही, मी विचारलं नाही. आता ते आबांच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.

मैदान छान होतं. प्लॅस्टिकचं हिरवं गवत, एका बाजूला पत्र्याची लांब छपरी आणि तिच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची बाकं. मागे डोंगर. बघायला फार तर साठ-सत्तर माणसं, त्यातले निम्मे दुसऱ्या कॉलेजचे. आबांनी बाकांकडे पाहिलंच नाही. ते सरळ खाली रेलिंगला जाऊन उभे राहिले, आमच्या मुलीच्या गोलपोस्टला जितकं जवळ जाता येईल तितकं.

मॅच सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला मी तो आवाज कितीतरी वर्षांनी ऐकला.

"फुडं ये! फुडं ये, बाळ! लायनीवर थांबू नगंस!"

मुलगी दोन पावलं पुढे आली. समोरची उंच, केस वेणीत बांधलेली मुलगी बॉल घेऊन आत घुसत होती. आमची तिच्या पायांवर जाऊन पडली आणि बॉल छातीशी धरून उठली. उठताना तिने रेलिंगकडे पाहिलं. आबांनी दोन्ही मुठी हवेत उंचावल्या. "आता कसं!"

त्या हाफमध्ये तिने चार बॉल अडवले. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण एवढं कळत होतं की समोरची टीम जास्त चांगली आहे आणि माझ्या मुलीमुळे स्कोअर शून्य-शून्य आहे. आबा सतत बोलत होते. "डावीकडं बघ. वेणीवालीवर ध्यान ठेव. हात वर." तीही त्या आवाजाबरोबर हलत होती. बायको माझा दंड धरून म्हणाली, "बघितलंस का रे तिला?" मी बघत होतो. असं धावणारी, पडणारी, दुसऱ्या पोरींना दटावणारी माझी मुलगी मी कधी पाहिलीच नव्हती. इतकी वर्षं आपण घरी झोपा काढत होतो, असं मनात आलं. मी तिथेच बदललो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

हाफटाइमला टीम्सनी बाजू बदलल्या. आबा म्हणाले, "चल, पोरगी तिकडं गेली." आम्ही छपरीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. आणि तिथे आमचे जनरल मॅनेजर बसले होते.

मला माहीत नव्हतं की त्यांची मुलगीही याच टीममध्ये आहे. घरात ते सगळ्यांना माहीत असणार, पण मी कधी विचारलं असतं तर ना. ते लखनौकडचे. ऑफिसात कधी आवाज न चढवणारे, नेहमी कडक इस्त्रीत असणारे गृहस्थ. शेजारी त्यांची बायको, गॉगल लावून. त्या महिन्यात कंपनीत माणसं कमी करण्याची चर्चा होती आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण त्यांच्या टेबलावर होतं. ही सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात जे होतं ते सांगतोय. मी पुढे होऊन हात मिळवला, दोन शब्द बोललो आणि त्यांच्या मागच्या बाकावर बसलो, बायको माझ्या मागे. आबांची ओळख करून दिली नाही. ते आधीच रेलिंगला पोचले होते, साहेबांपासून चार हातांवर.

दुसरा हाफ सुरू झाला. "फुडं ये, बाळ!" आबांनी सुरुवात केली. आता आवाज आणखी चढला होता. त्यांच्या तोंडातून एक कोल्हापुरी शिवीही गेली. कुणाला उद्देशून नव्हती, नुसती बॉलला. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "आपके फादर हैं?"

मी म्हटलं, "हां सर. गाव से आये हैं. इनको आदत नहीं है."

साहेब म्हणाले, "अरे, बोलने दीजिए ना."

त्यांनी तसं म्हटलं होतं. मी ते ऐकलंही होतं. तरी मी उठलो, खाली गेलो, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणालो, "आबा, पुरे आता. इथे असं कुणी ओरडत नाही. लोक बघतायत. या, वर बसा."

आबांना हिंदी चांगलं समजतं. कारखान्यात त्यांच्या हाताखाली बिहारची पोरं होती. चार हातांवरून मी साहेबांना काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. ओळखीच्या माणसाने भलत्याच नावाने हाक मारावी, तसं पाहिलं. मग म्हणाले, "बरं, बरं." वर आले, माझ्या शेजारी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं आमच्या टोकाला शांतता होती. बॉल पलीकडच्या अर्ध्यात असला की मुलगी वळून छपरीकडे बघायची. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात पसरून 'काय झालं?' असं विचारलं. आबांनी हात वर करून तिला 'खेळ, खेळ' अशी खूण केली.

गोल झाला तो लांबून आलेल्या एका उंच बॉलवर. ती पुढे येऊ की मागे राहू अशी क्षणभर अडखळली. आबांचा हात माझ्या शेजारी मांडीवरून उचलला गेला, ओठ उघडले, आणि आवाज आला नाही. वेणीवालीने डोक्याने बॉल आत ढकलला. एक-शून्य. तसाच शेवट झाला.

आबा ओरडले असते तर गोल वाचला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित नसताही वाचला. चांगला गोल होता.

येताना मुलगी टीमच्या बसने न जाता आमच्या गाडीत आली. मागच्या सीटवर आईच्या शेजारी, गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून. गाडी हायवेला लागली. मग तिने विचारलं, "आबा, तू सेकंड हाफला का थांबलास? आय कुडन्ट हिअर यू."

मी रस्त्याकडे बघत होतो. स्टिअरिंगवरची माझी बोटं मला दिसत होती.

"घसा बसला गं," आबा म्हणाले. "गाडीतल्या गारव्यानं."

आरशात मला बायकोचे डोळे दिसले. तिने मागून सगळं पाहिलं होतं. तिने थर्मासचं झाकण उघडून आबांना गरम पाणी दिलं. आबा ते घोट घोट प्यायले, खरोखरच घसा बसलेल्या माणसासारखे.

वाटेत एका पेट्रोलपंपाजवळ कडक चहासाठी थांबलो. मायलेकी गाडीतच बसल्या. मी टपरीच्या खिडकीशी उभा होतो, तर आबा मागून चालत आले. चार कप एकट्याला धरता येणार नाहीत म्हणून. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता. आम्ही दोघंच होतो. बोलायचं असतं तर याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, "आबा, साखर चालेल ना? हे लोक भरपूर घालतात."

"चालतंय," ते म्हणाले आणि दोन कप उचलून गाडीकडे गेले.

त्यानंतर मार्चमध्ये दोन मॅचेस झाल्या. आबा म्हणाले, "गुडघं दुखाय लागल्यात, तुम्ही जावा." हॉलमधलं मोज्याच्या गोळ्याचं खेळणं मात्र चालू राहिलं. मी ऑफिसातून आलो की ते थोडा आवाज कमी करत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तेही लक्षात न आल्यासारखं केलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना विमानात बसवलं. एअरपोर्टवर त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "तब्येतीला जप. लई धावपळ करतोस." माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण झालं होतं.

ऑगस्टमध्ये चुलतभावाचा फोन आला. आबा सकाळी फिरून आले, पायरीवर बसून बूट काढता काढता गेले. मुलीला समर टर्मच्या ऐन परीक्षेतून निघता येईना, बायको तिच्यासाठी थांबली, मी एकटाच गेलो.

दिवसकार्याला तालमीतले म्हातारे खेळाडू आले होते. त्यांच्यातले एक काका माझ्याजवळ येऊन बसले. आबांबरोबर डिफेन्सला खेळलेले. म्हणाले, "तुमच्या दुबईच्या म्याचचं लई सांगायचा बघ. कट्ट्यावर बसलं की तेच. पोरानं शंभर किलोमीटर गाडीनं नेलं म्हणायचा. नात गोलीत हुबी. ह्यो पयल्यापासनं शेवटपर्यंत वरडतोय आन् पोरगी बॉल अडवतीय. आन् तुझं मोठं सायेब शेजारी बसलेलं. तू वळख करून दिलीस न्हवं, ह्ये माझं वडील, मोठं प्लेयर हुतं म्हणून? सायबानं हात मिळवला म्हणं."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? एवढ्या लोकांत, त्या काकांच्या तोंडावर, आबांनी स्वतःच्या मनाने नीट करून ठेवलेली ती मॅच मी मोडू शकलो नाही. पण उठून मागच्या दारी गेलो आणि नळाखाली कितीतरी वेळ हातपाय धूत राहिलो.

दुबईला परत आल्यावर मी मुलीला सगळं सांगायचं ठरवलं. ठरवल्यावरही दोन आठवडे गेले. एका शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ब्रेडला लोणी लावत होती, तेव्हा म्हटलं, "त्या रास अल खैमाच्या मॅचला आबांचा घसा बसला नव्हता. मी त्यांना गप्प बसवलं होतं."

ती लोणी लावत राहिली. मग म्हणाली, "आय नो, बाबा. मी बघितलं ना. बॉल तिकडे होता, मी वळले होते. तू त्याच्या शोल्डरवर हात ठेवलास, मग तो वर जाऊन बसला."

"मग गाडीत विचारलंस कशाला?"

"तू सांगशील म्हणून."

तिने सुरी धुऊन ठेवली. मग तीच बोलली. "नंतर मी आबाला विचारलं होतं, घरी. तो म्हणाला, बाबाला काही बोलू नकोस, त्याला त्या माणसाबरोबर रोज काम करायचंय." तिने बशी उचलली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नेहमीसारखं लावलं.

तिच्या शेवटच्या वर्षात मी सगळ्या मॅचेसना गेलो. शारजा, अल ऐन, अबू धाबी, एकही चुकवली नाही. साइटचे फोन बंद करून ठेवत होतो. ती आत असताना मी रेलिंगपाशी उभा राहायचो. दोन-तीनदा ओरडायचा प्रयत्नही केला, पण काय ओरडायचं तेच मला माहीत नव्हतं. पुढे ये म्हणावं की मागे हो? डावीकडे की उजवीकडे? ज्याच्या घरात हे चाळीस वर्षं बोललं गेलं त्याने एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. ती माझ्याकडे वळून बघायची नाही. परतीच्या वाटेवर गाडीत छान बोलायची, जॉबचं, मैत्रिणींचं, कुठल्या तरी सीरियलचं. माझ्यावर रागावलेली आहे असं वाटण्याजोगं तिने कधी काही केलं नाही.

आता ती अबू धाबीत नोकरीला आहे. खेळ सुटला. एकदा फोनवर विचारलं, "तिकडे लेडीज टीम असेल ना एखादी?" म्हणाली, "असेल, बाबा. बघू कधीतरी." आणि मग तिने आईला फोन द्यायला सांगितलं.